मामंजींच्या कुत्र्याची हजामत

लग्न होऊन मी भोकरदनला आले तेव्हा सासरी तीन माणसं आणि एक कुत्रा होता, आणि त्या चौघांत माझ्याशी मोकळेपणाने वागणारा तेवढा कुत्राच होता. यजमान जालन्याला शाळेत शिकवायचे. रविवारी सकाळच्या बसने यायचे, दुपारी जेवून झोपायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे, त्यामुळे त्यांना धरून उपयोग नव्हता. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. राहता राहिले मामंजी आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई.

मामंजी वकील होते. निजामाच्या राजवटीत त्यांनी उभी हयात उर्दूत युक्तिवाद केले आणि संस्थान गेल्यावर कोर्टात मराठी सुरू झाली त्याचं त्यांना मनातून वाईट वाटत होतं. मराठीत बोललं की समोरच्या पक्षकाराला सगळं कळतं आणि कामात मजा राहत नाही, असं ते म्हणायचे. घरात मात्र कुठल्याच भाषेत फारसे बोलत नसत. बोलायचं ते सगळं कुत्र्यासाठी राखून ठेवलेलं असायचं. संध्याकाळी केळना नदीकडे फिरायला निघाले की दिवसभराचा अख्खा मुकदमा त्याला ऐकवायचे, आणि तोही मान वर करून ऐकायचा.

हा कुत्रा आमचा नव्हता. पोलीस ॲक्शनच्या धांदलीत एक अंमलदार बिऱ्हाड उचलून हैदराबादेस निघाले आणि जाताना चार दिवस सांभाळा म्हणून तो मामंजींच्या दारात बांधून गेले. ते चार दिवस पाचव्या वर्षीही चालूच होते. त्याच्या अंगावर एवढे केस होते की शेपूट हलेपर्यंत तोंड कोणत्या बाजूला आहे ते समजायचं नाही. त्याचं नाव सांगायला अंमलदार विसरले होते. मामंजी त्याला ‘जनाब’ म्हणायचे, मी ‘अरे’ म्हणायची, यजमान नुसतं ‘हट्’ म्हणायचे, आणि हातात भाकरी असेल तर तो तिन्ही नावांना सारखाच धावून यायचा.

आत्याबाई त्याला ‘ते’ म्हणायच्या. ‘ते आलं’, ‘ते गेलं’, ‘ते पायरीवर बसलंय’. त्या बालपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. तेव्हापासून डोक्यावर केस नाहीत, अंगावर तांबडं आलवण, पदर थेट भुवयांपर्यंत. स्वयंपाकघर, देवघर आणि त्यामागची अंधारी कोठी एवढा मुलूख त्यांचा. माजघराची पायरी ही सरहद्द होती आणि ती कुत्र्याला कुणी न शिकवता ठाऊक होती. चुकून तो आत्याबाईंच्या वाटेत आला तर त्या पुन्हा अंघोळ करायच्या. माझ्याशीही त्या कामापुरतंच बोलायच्या. मी त्यांना भीत असे, आणि जरा राग राग करीत असे, हेही सांगून टाकते.

चैत्र लागला आणि कुत्र्याचे हाल सुरू झाले. केसांत गोखरू अडकून गाठी झालेल्या, त्या गाठींच्या आत गोचीड, आणि वरून आमच्याकडचं ऊन. तो दिवसभर ओसरीवर पडून धापा टाकायचा. त्यातच मामंजींना कोर्टातल्या एका पेशीसाठी औरंगाबादला सहा दिवस जावं लागणार होतं. निघताना ते दारात थांबले आणि माझ्या लग्नानंतरचं सगळ्यात लांब वाक्य माझ्याशी बोलले. “सूनबाई, जनाबची बराबर देखभाल करा. मी आल्यावर पाहतो.” पाहतो म्हणजे काय पाहतो, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला ते समन्स मिळाल्यासारखं वाटलं.

देखभाल करायची तर अशी करायची की मामंजी थक्क झाले पाहिजेत, असं मी ठरवलं. मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयात सुचतं ते सगळं उत्तमच वाटतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्याबाईंचा न्हावी परसात आला. दर पंधरा दिवसांनी तो यायचा. माझं काम एवढंच की बादली आणि तांब्या घेऊन उभं राहायचं. डोकं झालं की आत्याबाई कशाला शिवायच्या नाहीत, म्हणून वरून पाणी मी घालायचं. तो वस्तरा फिरवत असताना मी भिंतीला टेकून बघत उभी राहायची. परसात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून बघायची. त्या दिवशी त्याचं काम आटोपलं आणि मला एकदम कल्पना सुचली. मी म्हटलं, आलाच आहात तर जाता जाता कुत्र्याचेही केस काढून द्या.

न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “वैनी, जित्राबाला वस्तरा लावत न्हाई मी. मंग लोक मला गालाला हात लावू देतील का?” नदीकाठी धनगरांच्या मेंढ्या बसल्यात, त्यांच्यातल्या कातरणाऱ्याला बोलवा, असंही त्याने सुचवलं आणि धोकटी उचलून घाईघाईने निघून गेला. आत्याबाई पाटावर तशाच बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पाणी घाल.” मी पाणी घातलं. आपण काय बोलून बसलो ते मला खरोखरच कळलं नव्हतं.

मेंढ्या कातरणारा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आत्याबाई देवळात पोथी ऐकायला गेल्या होत्या, म्हणून मला ती वेळ सोयीची वाटली. त्याची कातर माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब होती. त्याने कुत्र्याला मेंढीसारखं खाली पाडलं आणि चारी पाय एकत्र बांधले. मेंढी बांधली की गप पडून राहते. कुत्र्याला ही पद्धत माहीत नव्हती. त्याने असा गळा काढला की समोरच्या मारवाडी वहिनी हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या.

कातरणारा मात्र कामात वाकबगार. पाठ, पोट, कुशी, सगळं घोंगडी उचलावी तसं एका बाजूने सोलत गेला. मानेशी येऊन थांबला. “डोस्क्याचं राहू द्या बाई,” तो म्हणाला, “त्याच्यावरून वळख राहती जनावराची.” पण मला अर्धवट काम आवडत नाही. डोळ्यांवर झिपऱ्या येतात, उकडत असेल बिचाऱ्याला, घ्या तेही, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि तेही घेतलं.

पाय सोडल्यावर जे उठून उभं राहिलं ते मी पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. मामंजींचा रुबाबदार कुत्रा म्हणजे निम्मा केसच होता. आतला खरा कुत्रा बकरीच्या करडाएवढा, गुलाबी, ठिकठिकाणी लाल ओरखडे आलेला, आणि त्याला दोन भलेमोठे डोळे होते. पाच वर्षांत ते डोळे कुणी नीट पाहिले नव्हते. आता त्यांना झाकायलाच काही नव्हतं. तो आपल्याच पाठीकडे वळून बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग पुन्हा पाठीकडे.

आता खरी चूक. आमच्या घरात डोक्याचे केस कापून आलेला माणूस अंघोळीशिवाय उंबरठा ओलांडत नसे. मामंजीसुद्धा हजामत करून आले की परसदारी पंचा लावून थांबायचे. आत्याबाई आल्यावर विचारतील, कुत्र्याची अंघोळ झाली का, या धाकाने मी विहिरीच्या गार पाण्याच्या चार बादल्या त्याच्या अंगावर ओतल्या. पूर्वी त्याने अंग झटकलं की अख्खं परस भिजायचं. त्या दिवशी झटकलं तर थेंबही उडाला नाही. तो गोंधळला. पुन्हा झटकलं, मागे वळून पाहिलं, आणि एकदम शेपूट पायांत घालून पुढच्या दाराने गल्लीत पळाला.

गल्लीतली कुत्री त्याला वचकून असायची. त्या दिवशी त्यांनी त्याला ओळखलंच नाही. सगळी मिळून त्याच्यावर भुंकली आणि हा धापा टाकत परत येऊन ओसरीवरच्या बाजेखाली जो घुसला तो बाहेर यायला तयार होईना. संध्याकाळी भाकरी ठेवली, खाल्ली नाही. सकाळी दूध ठेवलं, त्याला मुंग्या लागल्या. हात पुढे केला की तो थरथरायचा. मामंजी यायला तीनच दिवस होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

गावाला मात्र मोठी करमणूक झाली. जो तो येऊन ओसरीवर ओणवा होऊन बाजेखाली बघायचा. कोपऱ्यावरच्या एका आजोबांनी तर गंभीरपणे विचारलं की घरात कुणाचं काही झालं का, कुत्र्यानेसुद्धा डोकं केलंय म्हणून. न्हावी स्वतः होऊन आला आणि हे माझ्या हातचं काम न्हाई, एवढं चार लोकांत सांगा, अशी मला विनंती करून गेला. मारवाडी वहिनींनी दुधात मालपुवा कुस्करून पाठवला. तो अखेर मीच खाल्ला, कारण टाकवेना. वैद्यबुवांनी अंगाला तूप चोळायला सांगितलं. मी चोळलं, त्यावर ओसरीवरची धूळ बसली आणि कुत्रा पिठात घोळल्यासारखा दिसू लागला. मग दृष्ट लागली असेल म्हणून तिसऱ्या दिवशी मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. एवढा ठसका उठला की बघायला आलेली माणसं अंगणात पळाली, आणि धूर निवळल्यावर बाजेखाली पाहिलं तर कुत्रा नव्हता.

मी गोठा पाहिला, परस पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. विहिरीत पाहताना मला रडू आलं. त्याच्याविषयी किती आणि मामंजींच्या भीतीने किती, ते मी तेव्हा वेगळं करून पाहिलं नाही. आणि मग कोठीतून पोतं सरकल्याचा आवाज आला.

तो आत्याबाईंच्या कोठीत होता. माजघराची पायरी, देवघर, सगळ्या सरहद्दी ओलांडून ज्वारीच्या पोत्यांमागे, भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. आत्याबाई तिथे रोज दुपारी जप करायच्या. मी मानेला धरून त्याला ओढायला लागले, माझ्यामागे बघे दारापर्यंत आलेच होते, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून ओलेत्या आत्याबाई आल्या. आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं.

“सोड त्याला,” त्या म्हणाल्या.

मी सोडलं. त्या दाराशी गेल्या, जमलेल्या माणसांना आपापल्या घरी जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग परत येऊन त्यांनी विचारलं की त्याला अंघोळ कुणी घातली. मी सांगितलं, मीच, घरची रीत आहे म्हणून. “माझ्या रिती त्याला कशाला?” एवढंच म्हणाल्या.

त्यांनी मला भाकरी दुधात कुस्करून आणायला लावली. मी आणली आणि वाकून त्याच्यापुढे सरकवायला लागले.

“त्याच्याकडं बघू नको.”

न बघता खाऊ कसं घालू, असं मी विचारलं.

“बघून राह्यलीस म्हणून तर खात न्हाई ते. खाली ठेव, न पाठ कर.”

मी ताटली ठेवली आणि पाठ करून बसले. आत्याबाईही माझ्या शेजारी, कुत्र्याकडे पाठ करून बसल्या. त्यांचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं आलवण दांडीवर होतं. ते त्यांनी ओढलं आणि मागे न बघताच पोत्यावरून आत टाकलं. तुमचं सोवळं मोडलं, असं मी भीत भीत म्हटलं. अंघोळ नंतर करीन, ती काय पळून जात न्हाई, असं उत्तर मिळालं. बराच वेळ आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो. मग त्या बोलायला लागल्या. वरण किती वेळ शिजवायचं ते मला सांगायच्या, त्याच आवाजात.

“मी तेरा वर्षांची होते. ह्याच कोठीत बसल्ते, ह्याच कोपऱ्यात. सारी आळी बघायला आल्ती. कुणी रडायचं, कुणी नुसतंच बघायचं. रडणाऱ्यांचा जास्त राग यायचा. दोन दिवस जेवले न्हाई. मंग आई ताट घेऊन आली, खाली ठेवलं, न माझ्याकडं पाठ करून बसली. बोलली न्हाई काही. तवा जेवले.”

त्या दिवशी परसात न्हाव्याला मी काय म्हटलं होतं, ते मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. ‘आलाच आहात तर.’ त्या पाटावर बसलेल्या असताना, त्यांच्या डोक्यावरून. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही फार वेळा वाटली नाही. माफी मागावी असं आलं मनात, पण त्यासाठी त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

त्या दुपारी त्याने खाल्लं नाही. दिवे लागायच्या आधी आम्ही पुन्हा तशाच जाऊन बसलो. आत्याबाई जपाची माळ ओढत होत्या. मागे पोतं सरकलं, मग बराच वेळ काही नाही, मग चपचप चपचप असा आवाज सुरू झाला. आत्याबाईंनी माळ थांबवली, मला एक बोट दाखवलं, म्हणजे हलू नको, आणि पुन्हा माळ ओढायला लागल्या. ताटली रिकामी होऊन दगडी फरशीवर घासली जाईपर्यंत मी श्वास धरून बसले होते.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात सगळा कारभार कुत्र्याकडे पाठ करून चालला. रविवारी आलेल्या यजमानांना दारातच ताकीद मिळाली. त्यांना काहीच समजलं नाही, पण ते जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले, एवढं सहकार्य त्यांनी केलं.

सोमवारी दुपारी मामंजी आले. काळा कोट, हातात पिशवी, अंगावर बसची धूळ. अंगणातूनच ‘जनाब’ म्हणून हाक मारली. कुणी धावून आलं नाही. मी कबुलीजबाब पाठ करून ठेवला होता. तो देण्यासाठी पुढे झाले तेवढ्यात आत्याबाई मध्ये आल्या आणि म्हणाल्या, केस कातरलेत त्याचे, कोठीत आहे, बघायचं न्हाई.

मामंजींचा चेहरा कोर्टातला झाला. “अक्का, कुणाच्या हुकमानं?”

“माझ्या,” आत्याबाई म्हणाल्या.

जिने पाच वर्षांत त्या कुत्र्याला नावाने हाक मारली नव्हती, तिने त्याची हजामत करवली, यावर मामंजींचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पण उलट पुरावा त्यांच्यापाशी नव्हता आणि थोरल्या बहिणीची उलटतपासणी करण्याची त्यांची छाती नव्हती. “पाठ कर न बस,” असा हुकूम झाला, आणि भोकरदनचे नामांकित वकील कोट न काढता कोठीत पाटावर, स्वतःच्याच कुत्र्याकडे पाठ करून बसले.

मग करमेना, तेव्हा समोरच्या भिंतीला औरंगाबादचा मुकदमा सांगायला लागले. न्यायाधीश काय म्हणाले, साक्षीदार कुठे फिरला, मराठीत बोलावं लागल्यामुळे कसा घोटाळा झाला. बोलता बोलता मध्येच थांबले. पोत्यांमागून तांबडं आलवण अंगावर ओढत कुत्रा बाहेर आला होता आणि त्याने मामंजींच्या कोटाला मागून नाक लावलं होतं. मामंजींनी डोळे गच्च मिटून घेतले. वळून बघितलं तर परत जाईल म्हणून मिटले, असं ते नंतर म्हणाले. तसेच डोळे मिटून त्यांनी उरलेला मुकदमा पुरा केला. तो मुकदमा आम्ही हरलो होतो.

पुढच्या खेपेला न्हावी आला तेव्हा कुत्र्याच्या अंगावर बोटभरही केस आले नव्हते, पण तो परसात येऊन बसायला लागला होता. आत्याबाई पाटावर बसल्या, त्यांनी पदर खाली घेतला. मी बादली भरून ठेवली, तांब्या तिच्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून खाली बसले. न्हावी क्षणभर थांबला असावा, मग वस्तऱ्याचा आवाज सुरू झाला.

“मी काय कुत्रा हाय का गं?” मागून आत्याबाईंनी विचारलं.

मला हसू आलं आणि रडूही आलं. उठावं की काय ते कळेना. उठायला म्हणून मी हात टेकला.

“बस तशीच,” त्या म्हणाल्या. “पाणी सांगेन तवा घाल.”